स्टुलावरचे स्पीकर

सोमवार, ३ फेब्रुवारी

जुन्या घरातला ओटा आठवला आज. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ओट्याच्या एका टोकाला हे गुलाबी मेणात दात बसवत उभे, दुसऱ्या टोकाला मी वाटाणे सोलत. मधे रेडिओ. त्यावर एक बाई भयंकर गंभीर आवाजात बातम्या सांगत होती. ह्यांनी हातातली कवळी उचलली, रेडिओसमोर धरून उघडमीट केली आणि थेट त्या बाईच्या आवाजात म्हणाले, "नुकत्याच हाती आलेल्या वृत्तानुसार, डब्यापेक्षा मिसच्या तोंडात जास्त वाटाणे जात आहेत." हसता हसता मी डबाच सांडला. मग दोघं जमिनीवर रांगत वाटाणे वेचत बसलो.

मिस म्हणजे मी. कॉन्व्हेंटात शिकलेली बायको मिळाली म्हणून पहिल्याच आठवड्यात ठेवलेलं नाव. चिडवायला ठेवलं आणि चिकटलं.

एवढंच. त्या दिवशी दुसरं काही घडलं नाही. पण आज त्याच माणसासमोर बसून मी म्हणत होते, "म्हणा — पा-णी." आणि हे माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. डावा हात उचलून टीव्हीकडे बोट.

अर्धांगाचा झटका येऊन आता चार महिने होतील. उजवा हात गेला, पाय ओढत का होईना चालतो. शब्द मात्र सगळे गेले. समजतं सगळं! हिशेब समजतो, टोमणा समजतो, मी डोळे पुसले तर तेही समजतं. फक्त बाहेर काही येत नाही. जन्मभर दुसऱ्यांचं तोंड नीट करून दिलं या माणसानं. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे, कधी गिऱ्हाइकालाच पाठवायचे, हे कवळ्या बनवून बसवून द्यायचे. आणि आता स्वतःचंच तोंड उघडेना.

मी शाळेत सायलेन्स मॉनिटर होते. गणवेशाच्या निळ्या पिनाफोरवर चांदीचा बिल्ला! बोलणाऱ्या मुलींची नावं फळ्यावर लिहायची. सिस्टर म्हणायच्या, हिच्यासारखी शांतता कुणी राखत नाही.

घ्या आता शांतता.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हाडांच्या डॉक्टरांनी तारीख दिली. चार मार्च. माझा खुबा बदलायचा. मागे एकदा मीच पुढे ढकललं होतं. "आता ढकललंत तर पुढच्या वेळी तुम्हालाच ढकलत आणावं लागेल," म्हणाले. विनोदी माणूस आहे. त्यानंतर कित्येक आठवडे वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, कुणाला आधार द्यायचा नाही. आत्ताही वाकायचं नाहीच म्हणाले. मी मान हलवली.

संध्याकाळी वन्सं आल्या. ह्यांची थोरली बहीण, बोलण्यात तोफ, मनानं लोणी. माझी सोबत करायला त्याच येऊन राहणार आहेत. पण ह्यांच्याबद्दल ठाम.

"त्याला तेवढे दिवस शुश्रूषा केंद्रात ठेवू. माणसं असतात तिथे, नर्स असते."

"वन्सं, हे घरीच राहतील."

"अगं, शब्द फुटत नाही त्याच्या तोंडून! रात्री घसरला, छातीत दुखलं, तर हाक काय मारणार? मी एकदा झोपले की नगारा वाजवला तरी उठत नाही. आणि तू तर पलंगाला खिळलेली."

कॉम्प्युटरवर मुलगा होता. तो परदेशी, तोंड एवढंसं करून म्हणाला, "आई, आत्याचं बरोबर आहे गं."

हे शेजारच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. आपल्याबद्दल चाललंय हे माहीत असून मान खाली.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "परीक्षा घ्या. दोन मार्चला, रविवारी, तू फोन कर. हे बोलतील. कोण बोलतंय, काय हवंय, कुठे दुखतंय — तीन प्रश्न. उत्तरं दिली तर घरी राहायचं. पुन्हा हा विषय काढायचा नाही."

मुलगा म्हणाला, "चालेल."

वन्सं म्हणाल्या, "बघ बाई."

बघतेच!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

केंद्र बघून आले. वाईट म्हणायला जागा नाही. स्वच्छ. अंगणात फुलझाडं. काम करणाऱ्या बायका हसतमुख. पण मोठ्या खोलीत भिंतभर टीव्ही, समोर ओळीनं खुर्च्या, खुर्च्यांत माणसं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बोलायचं म्हटलं तरी ऐकू आलं नसतं. सायलेन्स मॉनिटर म्हणून मी त्या खोलीला पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

ह्यांना तिथे ठेवलं तर उरलंसुरलंही त्या भिंतीच्या हवाली करून येतील.

नाही. घरीच.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आमच्या टीव्हीचा स्वतःचा आवाज गेल्या वर्षीच फाटला. लावला की पत्र्यावर खडे पडल्यासारखं. तेव्हा तो आवाज कायमचा बंद करून मुलानं जाताना ठेवलेल्या कॉम्प्युटरचे दोन छोटे स्पीकर त्याला लावले. छान चालले. पण आता ह्यांचे बोलण्याचे धडे कॉम्प्युटरवर आहेत. बोलायला शिकवणाऱ्या बाई दर बुधवारी येतात, आम्ही त्यांना बोलबाई म्हणतो. त्यांनी आपल्या आवाजात धडे भरून ठेवलेत, रोज तासभर ऐकून उत्तरं द्यायची. कानात घालायचं यंत्र ह्यांना चालत नाही. लावलं की ओढून फेकतात, हॉस्पिटलातल्या मशीनची आठवण येत असावी.

म्हणजे स्पीकर एकच जोडी आणि मागणारे दोघं. ह्यांच्या कामाच्या खोलीतलं उंच स्टूल मधोमध आणून त्यावर दोन्ही ठेवलेत. वायर दोन्हीकडे पुरते. फक्त पिन इकडून काढून तिकडे घालायची. आणि दोन्ही भोकं मेली अशा जागी! एक टीव्हीच्या पाठीमागे खाली, दुसरं टेबलाखाली जमिनीवर ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या डब्यामागे. एका हातानं भिंत धरायची, दुसऱ्या हातानं चाचपडायचं, आणि खुब्यात कळ आली की ओठ घट्ट मिटायचे.

मुलगा म्हणतो, "आई, दुसरी जोडी मागवून देतो, उद्या दारात येईल." नको म्हटलं. दुसरी जोडी आली की टीव्ही दिवसभर बोलेल आणि हे दिवसभर गप्प. एकच असू दे. सकाळी पिन कॉम्प्युटरला, संध्याकाळी बातम्यांपुरती टीव्हीला. नियम म्हणजे नियम.

रविवार, ९ फेब्रुवारी

पाणी — नाही. पान — नाही. पेन — भिंतीकडे तोंड.

बुधवार, १२ फेब्रुवारी

बोलबाई आल्या. पर्समध्ये कायम लवंगा, खोलीभर वास. ह्यांच्यासमोर चित्रं धरली. ह्यांनी डोळे मिटून घेतले. बाळासारखं वागवलेलं आवडत नाही, आणि बरोबरच आहे.

निघताना दाराशी मला हळूच म्हणाल्या, "काकू, चिडू द्या त्यांना. शिवी, आकडे मोजणं, गाणं — हे आधी सुटतं. ठरवून बोलायला गेलं की अडतं, तोंडातून निसटलं तर निसटतं."

"शिवी?"

"देत असतील ना पूर्वी?"

"आमच्या घरात शिव्या..." मी म्हणायला गेले आणि मागून ह्यांचा 'हुं!' असा आवाज आला. अगं बाई, ऐकत होते!

बरं, देत होते. मापाचा साचा फुटला की देत होते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी पिनच सापडेना. वायर स्टुलावरून निघते आणि पुढे ह्यांच्या शालीत नाहीशी होते! शाल झटकली, उशी उचलली. हे अगदी निरागस. शेवटी लक्षात आलं. त्यांचा तो निकामी उजवा हात मांडीवर पालथा पडलेला असतो, त्याच्याखाली. झाकण म्हणून वापरला!

रागावणार होते. पण चार महिन्यांत पहिल्यांदा त्या हाताला त्यांनी काही काम दिलं होतं. मी हात उचलला, पिन घेतली आणि हाताचा मुका घेऊन परत ठेवला.

धडा मात्र झाला नाही. नियम मोडला. उद्या नाही मोडणार.

शनिवार, १५ फेब्रुवारी

वन्संना घरी बसवून कोपऱ्यावरच्या वायरींच्या दुकानात गेले. एका पिनेच्या दोन वाटा करणारी छोटी जोडणी मिळते, म्हणजे एकदा बसवली की वाकायला नको.

दुकानदार म्हणाला, "मावशी, पण दोन्ही एकदम चालू नका ठेवू. एकमेकांच्या डोक्यावर बसतील."

"आमच्या घरात आधीच एकमेकांच्या डोक्यावर बसलोय," मी म्हटलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

आजचं नीट लिहायला हवं.

जोडणी बसवली. धडा लावला. ह्यांनी डाव्या हातानं हळूच रिमोट दाबला, टीव्ही चालू. मला वाटलं नुसती चित्रं येतील, नेहमीसारखी. विसरलेच! आता दोन्ही वाटा उघड्या. स्पीकरातून एकाच वेळी बोलबाई आणि टीव्हीवरची गुन्ह्यांची मालिका.

बोलबाईंनी गोड आवाजात विचारलं, "तुम्ही सकाळी उठल्यावर काय पिता?" मग उत्तरासाठी त्या थांबतात. त्या थांबलेल्या जागेत टीव्हीवरचा खलनायक ओरडला, "विष!"

"छान!" बोलबाई म्हणाल्या. "आणि तुम्हाला भेटायला कोण येतं?"

"पोलीस!"

"शाब्बास! आता आपण थोडे अवघड शब्द घेऊ."

मी स्पीकरच्या आवाजाची फिरकी पिळायला धावले, आणि मागून आवाज आला. हसण्याचा. खराखुरा, घशातून, जुना! हे हसत होते. खुर्ची हलत होती, डोळ्यांतून पाणी. मीही हसायला लागले, फिरकी तशीच राहिली.

टीव्हीवर इन्स्पेक्टर खोलीत शिरला. खलनायक दाराच्या मागेच उभा, आणि हा शहाणा कपाटं उघडून बघतोय. हे पुढे झुकले आणि—

"गाढवा! मागे!"

मी जागच्या जागी.

त्यांनाही कळलं. आपल्याच ओठांना हात लावून बघितला, जसे पूर्वी गिऱ्हाइकाच्या ओठांना बोट लावून बघायचे.

गाढवा. काय सुरेख शब्द आहे! सिस्टरांनी आम्हाला शेकडो सुंदर शब्द पाठ करायला लावले, त्यात हा नव्हता. मी त्यांचं तोंड ओंजळीत धरलं आणि म्हटलं, "पुन्हा म्हणा ना." नाही आलं. पण आत आहे. बंद आहे, पण आत आहे! आता मी सोडत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

समोर बसून वाट बघितली. 'म्हणा' म्हटलं की दार बंद. वर ती जोडणी घुंई घुंई आवाज करायला लागली, माशी शिरल्यासारखा. दोघांचंही बोलणं त्यात बुडालं. काढून टाकली. पुन्हा भिंत, पुन्हा वाकणं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मला युक्ती सापडली!

पिन कॉम्प्युटरला असली की टीव्ही मुका असतो. चित्रं हलतात, ओठ हलतात, आवाज नाही. आज धडा लावलाच नाही. दोघं नुसते तो मुका टीव्ही बघत बसलो. पडद्यावर दोन डॉक्टर गंभीरपणे बोलत होते. मी एकाचा आवाज काढला, "काय हो, तुमच्याकडे टोमॅटो कसे दिलेत?" आणि दुसऱ्याचा, "सडकेच आहेत, पण तुमच्यासाठी ठेवलेत."

मला आवाज काढता येत नाहीत. जन्मात आले नाहीत. ती ह्यांची विद्या. माझं ऐकून ह्यांच्या कपाळाला आठी. बेसूर ऐकवत नाही त्यांना. मी मुद्दाम आणखी वाईट काढले. शेवटी मान जोरात हलवून, "नाही!"

नाही! स्वच्छ! मग एका बाईच्या हलणाऱ्या ओठांकडे बघून, "खोटं." आणि ती खरंच खोटं बोलत असावी, चेहराच तसा होता.

बोलबाई दुपारी आल्या, त्यांना सांगितलं. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "काकू, हेच करा. माझे धडे राहू देत बाजूला. बोला म्हणायचं नाही, बोलल्याशिवाय राहवणार नाही असं करायचं."

गुरुवार, २० फेब्रुवारी

मुक्या टीव्हीवर कुणी मोठा माणूस भाषण देत होता. हे एकदम पुढे सरकले. त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. मग आपल्या गालावर दोन बोटं आपटली आणि स्पष्ट म्हणाले, "सहासष्ट."

पडद्यावरच्या त्या माणसाला सांगत होते! नवी कवळी बसवली की गिऱ्हाइकाला हे कायम आकडे म्हणायला लावायचे. सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. शिट्टी वाजली तर कवळी सैल, थुंकी उडाली तर जाड. आमचा मुलगा पाढे शिकायच्या आधी सहासष्ट शिकला होता.

मी हळूच म्हटलं, "त्याची सैल आहे का हो?"

"सदुसष्ट," हे म्हणाले. "अडुसष्ट. एकोण... सत्तर." मग जरा थांबून, "सैल."

मी उठून आत गेले, पदरात तोंड घालून रडले, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन विचारलं, "चहा?"

"चहा," म्हणाले. जसं काही रोजचंच.

शनिवार, २२ फेब्रुवारी

वन्सं आल्या. मी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. हे खुर्चीतून म्हणाले, "ताई. बस."

वन्सं बसल्या नाहीत, कोसळल्या. धाकट्या भावाचं डोकं पोटाशी धरून इतक्या रडल्या की त्यांचा चष्मा ह्यांच्या केसात अडकला. मग नाक ओढून, "चहा सांग हिला. साखर कमी म्हणावं."

"ताई... चहा. साखर..." इथे अडले. वन्सं वाट बघत तोंड उघडं ठेवून. "साखर — खूप," म्हणाले आणि डोळे मिचकावले.

"मेला तसाच आहे!" वन्सं म्हणाल्या. त्यांच्या तोंडून इतकं प्रेमळ वाक्य मी आजवर ऐकलं नव्हतं.

रोज सकाळी मुका टीव्ही, मग थोडे धडे. संध्याकाळी बक्षीस म्हणून आवाजासकट बातम्या. म्हणजे पिन काढायची, घालायची, सकाळी परत. दुखतं. पण दुखू दे, चार तारखेला त्याचा निकाल लागणारच आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

संध्याकाळी बातम्यांसाठी पिन बदलायला उठले. भिंतीला हात लावला तोच मागून, "नको."

"अहो, बातम्या लागतील आता."

"नको."

हे तोंड फिरवून बसले. रुसले का? सकाळी जरा जास्त ताणलं मी, 'पाठ दुखते' म्हणायला पुन्हा पुन्हा लावलं. तेच असणार.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आजही बातम्या नकोत. इतका जीव त्या बातम्यांवर! सकाळी पिन कॉम्प्युटरलाच होती, तशीच राहिली. धडा नीट केला, प्रत्येक उत्तर दिलं. पण संध्याकाळी मी टीव्हीच्या दिशेनं पाऊल टाकलं की, "नको. नको."

सगळ्यात पक्का शब्द बसलाय तो हा.

बोलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कधी कधी बोलायला लागल्यावर मन खचतं, काय काय गेलंय ते तेव्हा कळतं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

वन्संनी हळूच विषय काढला. "शब्द आलेत गं, पण माणूस उदास दिसतो. टीव्हीसुद्धा नको म्हणतो. केंद्रात चार माणसांत मन रमेल."

"रविवारपर्यंत थांबा," मी म्हटलं.

"हट्टी आहेस."

आहे. सायलेन्स मॉनिटर उगाच करत नव्हते मला.

दुपारी ह्यांच्या शेजारी बसून तिन्ही उत्तरांची उजळणी. कोण? काय हवं? कुठे दुखतं? तिसऱ्या प्रश्नाला प्रत्येक वेळी गप्प राहतात आणि माझ्याकडे बघतात. बोट ठेवून दाखवलं, इथे, छातीत, पोटात, डोक्यात. नुसते बघतात. हाच प्रश्न बुडवणार आम्हाला!

शनिवार, १ मार्च

हॉस्पिटलची पिशवी भरली. दोन गाऊन, चप्पल, शाळेच्या दिवसांतली ती छोटी प्रार्थनेची पुस्तिका. हे बघत होते.

उद्या.

रविवार, २ मार्च

पास!! पास! पास!

मुलाचा फोन कॉम्प्युटरवर आला. आवाज स्पीकरातून, खोलीभर. वन्सं दारात हात जोडून उभ्या. मी स्टुलाला धरून. मध्ये बोलायचं नाही अशी मला सक्त ताकीद होती.

"बाबा, कोण बोलतंय ओळखा."

हे पडद्याकडे झुकले. मग म्हणाले, "मी — तुझा बाप. तू सांग. कोण?"

मुलगा हसता हसता रडायला लागला. कसाबसा म्हणाला, "काय हवंय तुम्हाला?"

"काही... नको. जेवलास?"

हे तर प्रश्नपत्रिकेत नव्हतंच! वन्संनी दाराची चौकट धरली.

"जेवलो, बाबा. आता शेवटचं. कुठे दुखतंय?"

स्पीकरची बारीक घरघर ऐकू यायला लागली. मी मनात म्हणत होते, पाठ म्हणा, पाय म्हणा, काहीही म्हणा.

"मला — नाही," हे म्हणाले. मान वळवून माझ्याकडे बघितलं. "हिला."

"पास!" मुलगा ओरडला. "आत्या, बाबा पास! घरीच राहायचं!" वन्सं म्हणाल्या, "राहू दे बाई, राहू दे घरी, मी जागी राहीन, दोन गजर लावीन." मी कुणाचं ऐकत नव्हते. मी नाचले असते, पण खुबा.

दुपारभर तयारी. ह्यांचा पलंग हॉलमध्ये आणवला. फोन डाव्या हाताला येईल असा ठेवला. दिवसा एक बाई येईल, तिच्याशी बोलून घेतलं. संध्याकाळी म्हटलं, "आज तरी बातम्या लावू, बक्षीस!" आणि वाकायला गेले. ह्यांनी माझा पदर पकडून ठेवला. सोडेचनात.

"बरं बाबा, नको तर नको," मी म्हटलं. जिंकल्याच्या आनंदात होते. शेजारी बसून मुका टीव्ही बघितला. कुणी आवाज काढले नाहीत.

सोमवार, ३ मार्च

आजचं माझं नाही. ह्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. सकाळी मी चहा घेऊन आले तर हे कपडे करून, डाव्या हातानं बटणं वाकडीतिकडी लावून, दाराजवळ बसलेले. "लिही," म्हणाले. शब्द एकेक करून आले. मधे मी रडले, तेव्हा थांबले आणि पुन्हा "लिही" म्हणाले. आले तसे लिहिते.

मी जातो. केंद्र. आज. तू बरी हो, मग — ने.

घरी मी असलो, तू उठणार. माहीत आहे.

टीव्ही — ताईला. तुझ्याजवळ बसेल ती.

स्पीकर — तुला. उशाशी. मी फोन करीन. रोज. मी बोलीन.

धडे — बाईंना परत. दुसऱ्या कुणाला दे म्हणावं.

माझी हत्यारं — कपाटात. कुणी हात नाही लावायचा.

मी विचारलं, "आणि तुम्हाला काय देऊ बरोबर?"

मला — काही नको. तिथे लोक आहेत.

पिन — ताईनं बदलायची. तू वाकायचं नाहीस.